टाकेरावाचं नाक

खोटं बोलायचं नाही आणि कुणाचं मन दुखवायचं नाही, असे दोन नेम मावशी रोज सकाळी देवापुढे बसून नव्याने घेत असत. रोज नव्याने अशासाठी, की आजन्म वगैरे म्हटलं की माणूस निर्धास्त होतो; एका दिवसापुरता नेम घेतला की संध्याकाळपर्यंत धाक राहतो. यातला एकेक नेम सुटा सांभाळणारी माणसं पुष्कळ असतात. खरं बोलणारे असतात, त्यांच्याकडे कुणी जात नाही. गोड बोलणारे असतात, त्यांचं कुणी मनावर घेत नाही. दोन्ही नेम एकाच तोंडाने सांभाळायचे म्हणजे ते तोंड फार बेताने उघडावं लागतं, आणि मावशींचं तोंड मुळातच इतकं बेताचं होतं, की त्यांनी हाक मारली तर शेजारच्या खोलीतल्या काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, वाटे, आपल्याला काहीतरी आठवलं.

समोरच्या बिऱ्हाडातल्या शिकवणीवाल्या बाईंनी मध्यंतरी गाणं शिकायला घेतलं होतं. त्यांनी मावशींना समोर बसवून तासभर गाऊन दाखवलं. मावशी म्हणाल्या, एवढा वेळ एका जागी बसून राहणं सोपं नाही. बाईंना ती स्वतःच्या बैठकीची तारीफ वाटली. वरच्या मजल्यावरच्या ऑडिटरसाहेबांनी निवृत्त झाल्यावर बैठकीची भिंत स्वहस्ते रंगवली, तेव्हा मावशींनी ती डोळे भरून पाहिली आणि भिंत बरीच मोठी आहे, असं सांगितलं. पण ऑडिटरसाहेबांचा जन्म लोकांनी काय लिहिलेलं नाही ते वाचण्यात गेलेला. त्यांनी तेव्हापासून नियमच बांधला: मावशी वस्तूच्या आकाराबद्दल बोलल्या, की वस्तू वाईट समजायची.

मावशी एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला होत्या. डॉक्टरांनी आत घेण्याआधी पेशंटला काळोख्या खोलीत बसवायचं, भिंग बदलता येणारी ती जड चौकट नाकावर चढवायची आणि समोरच्या उजळलेल्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची, हे त्यांचं काम. पेशंट चुकला तर चुकलं असं त्या कधीही म्हणत नसत. "पुन्हा एकदा बघू या," एवढंच म्हणायच्या आणि हलकेच भिंग बदलायच्या. डॉक्टरांची तक्रार होती, की मावशींच्या हाताखालून आलेल्या पेशंटला आपण परीक्षेत पास झालो असं वाटतं आणि मग तो चष्मा घ्यायला तयार होत नाही.

आता त्यांना मावशी का म्हणत, तर भाच्यामुळे. बहिणीचा हा मुलगा लहानपणी प्रत्येक सुट्टीत त्यांच्याकडे राहायला यायचा, आणि इमारतीत रंगीत टीव्ही तेव्हा फक्त त्यांच्याकडे होता. संध्याकाळी टाकेराव लागायचा. इमारतभरची पोरं दार न वाजवता आत यायची आणि भाच्याचं ऐकून मावशी, मावशी करायची. पोरांचं ऐकून त्यांच्या आया, आयांचं ऐकून बाप, असं करत करत त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले ऑडिटरसाहेबही त्यांना मावशीच म्हणू लागले होते.

टाकेराव म्हणजे एक साळिंदर. कार्टूनमधलं. धंद्याने शिंपी. दुकानात कुणीतरी प्राणी यायचा, त्याचं काहीतरी उसवलेलं असायचं, आणि टाकेराव स्वतःच्याच पाठीवरचा एक काटा उपटून त्याची सुई करायचा. काटा निघताना टुण् असा आवाज व्हायचा आणि त्या जागी लगेच दुसरा उगवायचा. मग तो शिवायचा, गुणगुणायचा, गिऱ्हाईक जायचं, संपलं. बोलायचा नाही. काढलेलाही असा, की एक फुगीर गोळा, त्यावर रेघा, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि नाकाच्या जागी तिसरा, थोडा मोठा. एवढ्या ऐवजावर त्याने एक अख्खी पिढी हसवली आणि रडवली होती. मुलांमागे बसून भाजी निवडणाऱ्या मावशींना त्याच्याविषयी जे वाटत असे, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण टाकेराव दिवा मालवून दुकान बंद करायचा तेव्हा त्यांचे हात थांबायचे.

भाचा मोठा झाला, संगणकावर चित्रं हलवण्याचं काही शिकला आणि दूरच्या शहरात नोकरीला लागला. आणि एक दिवस त्याचा फोन आला, की टाकेरावाचा सिनेमा येतोय. कार्टून नाही, खराखुरा. खरी माणसं, खरं दुकान आणि त्यात अगदी खरं वाटेल असं साळिंदर. त्या साळिंदराचं नाक भाच्याने केलं होतं. दोन वर्षं तो फक्त नाक करत होता.

मावशींना नवल वाटलं. दोन वर्षं नाकात काय करत असतील, हा प्रश्न त्यांना त्या रात्री झोपेपर्यंत पुरला. पण भाच्याचं बोलणं तिथे संपलेलं नव्हतं. कंपनी त्याला पुढच्या भागाचं काम देत होती, या वेळी पाठीवरचे काटे, म्हणजे आणखी तीन वर्षं. घ्यावं की सोडावं, त्याला कळत नव्हतं.

"ऑफिसात सगळे छानच म्हणतात," तो म्हणाला. "आईला तर माझं पहिलीतलं हत्तीचं चित्रसुद्धा आवडलं होतं. तू बघ, मावशी. तू सांगशील त्यावर ठरवतो."

मावशी बरं म्हणाल्या. हे बरं म्हणताना आपण कशात पाय घालतोय, याची त्यांना कल्पना नव्हती.

सिनेमा लागला तेव्हा त्यांनी जिन्यात शिकवणीवाल्या बाईंना सहज सांगितलं, की शनिवारी भाच्याचा सिनेमा बघायला जाणार आहे. दोन तिकिटं काढायची, काकांना घेऊन जायचं, एवढाच बेत. पण जिन्यात सहज सांगितलेली गोष्ट वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत योजना झालेली असते. ऑडिटरसाहेबांनी जाहीर केलं, की भाचा इमारतीचा आहे, टाकेराव इमारतीचा आहे, तेव्हा सगळ्या इमारतीने एकत्र जायचं आणि घाऊक तिकिटं काढायची. मावशींचा सल्ला कुणी विचारला नाही, कारण हा त्यांचाच कार्यक्रम होता.

घाऊक तिकिटांना थिएटरच्या मॅनेजरने संस्थेचा अर्ज मागितला, शिक्क्यासकट. संस्था होती, शिक्काही होता, पण तो सेक्रेटरींच्या कपाटात होता आणि सेक्रेटरी किल्लीसकट सासुरवाडीला गेले होते. कुणी म्हणालं, बिनशिक्क्याचा द्या. त्यावर ऑडिटरसाहेबांनी त्या माणसाकडे असं पाहिलं, की तो दोन दिवस लिफ्टने गेला नाही. शेवटी शिकवणीवाल्या बाईंच्या वर्गाचा शिक्का निघाला. तो मारून अर्ज गेला आणि मंजूर होऊन आला, आणि अशा रीतीने शनिवारी सगळी इमारत विद्यार्थी म्हणून थिएटरच्या दारात रांगेत उभी राहिली. दारवान एकेकाला न्याहाळत होता. ऑडिटरसाहेबांना त्याने विचारलं, इयत्ता कोणती. ऑडिटरसाहेब गंभीरपणे म्हणाले, बाहेरून बसलोय.

मावशींची पाळी आली तेव्हा मावशी म्हणाल्या, की मी शिकत नाही.

मॅनेजर तिथेच होता. कागदावर तसं लिहिलंय म्हणाला. मावशी म्हणाल्या, असेल, पण मी डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. मागून बाई त्यांना कोपराने ढोसत होत्या, काकांनी आपण यांना ओळखत नसल्यासारखा चेहरा केला होता. मावशींचा नेम त्या दिवशी सकाळीच ताजा घेतलेला. तेव्हा त्यांना वेगळं, पुऱ्या दराचं तिकीट काढावं लागलं, आणि उरलेल्या जागांत एकच जागा होती: अगदी पहिली रांग, मधोमध.

पहिल्या रांगेत मान मागे टाकून बसलेल्या मावशींच्या अंगावर थोड्याच वेळात भाच्याचं नाक आलं. ते साधारण बसएवढं होतं. ओलं होतं. त्यावर बारीक छिद्रं होती, एकेका छिद्रातून केस होता, आणि टाकेराव श्वास घेई तेव्हा ते आतून थरथरत होतं. काम अचाट होतं, त्यात वाद नाही. मावशींनी खुर्चीचे हात धरले.

पुढे टाकेराव बोलायला लागला. भारदस्त आवाजात, पुष्कळ. त्याचे वडील दुष्टांनी मारले होते असं कळलं. तो शिवतो तेही आवड म्हणून नाही, आतल्या आत धुमसत असतो म्हणून. मग गिऱ्हाइकं राहिली बाजूला आणि एक उंच मनोरा पडायला लागला, तो बराच वेळ पडत राहिला. त्यात टाकेरावाने पाठीवरचा काटा उपटला. टुण् झालं नाही. कातडी ताणली गेली, सुटली, आणि त्याच्या खऱ्याखुऱ्या डोळ्यात खरंखुरं पाणी आलं. मागच्या रांगेतून इमारतीतल्याच एका छोट्या मुलीने विचारलं, त्याला दुखलं का? उघडच दुखलं होतं. मग ती रडायला लागली, आणि पुढचा अर्धा सिनेमा इमारतीने तिची समजूत घालण्यात घालवला. काहींच्या मते तोच भाग त्यातल्या त्यात बरा गेला.

बाहेर आल्यावर सगळे मावशींभोवती जमले. त्या खोटं बोलणार नाहीत, हे इमारतीला माहीत होतं. मावशींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, "पडदा खूप मोठा आहे."

ऑडिटरसाहेबांनी मान खाली घातली. "संपलं," ते म्हणाले. "एवढा वाईट असेल असं वाटलं नव्हतं."

त्या रात्री भाच्याचा फोन आला. मावशींनी खरं सांगितलं असतं तर एक नेम राहिला असता, गोड सांगितलं असतं तर दुसरा. त्यांनी तिसरंच सांगितलं, जे त्या दिवसातून पन्नास वेळा सांगत असत: एकदा बघून कसं सांगणार, पुन्हा एकदा बघू या. भाचा बरं म्हणाला.

आता हे टाळणं होतं का? थोडं होतं. पण सगळं नव्हतं. मावशींना खरोखरच कोडं पडलं होतं. साळिंदर तेच, दुकान तेच, दिवा तोच. भाच्याने दोन वर्षं जीव ओतलेला. मग हरवलं कुठे? दवाखान्यात त्या हेच शोधत असत. माणसाला दिसत नाही एवढं कळून उपयोग नसतो, कितव्या ओळीपासून दिसत नाही ते बघावं लागतं. तेव्हा त्या मंगळवारी दुपारच्या खेळाला एकट्याच गेल्या, मागच्या रांगेत बसल्या आणि ओळीओळीने तपासायला लागल्या. दुकानाचं दार उघडलं, इथवर ठीक. गळ्यातली मोजपट्टी दिसली, ठीक. टाकेराव वळला, आणि मावशींच्या लक्षात आलं, की आपण मागे सरकलो. बरं, मग तो जवळ आल्यावर होतं का? दूर गेला, तरी होत होतंच.

थिएटरात त्या धरून चार माणसं होती. मॅनेजरला एवढं अप्रूप वाटलं, की मध्यंतरात त्याने मावशींना सिनेमाचा कागदी पेला भरून फुकट पॉपकॉर्न दिलं. पेल्यावर टाकेरावाचा जवळून घेतलेला चेहरा होता. पॉपकॉर्नचं तूप चष्म्याला लागलं, म्हणून मावशींनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला आणि पुसता पुसता पडद्याकडे नजर गेली.

पडद्यावर टाकेराव होता.

फुगीर गोळा, दोन ठिपके, खाली तिसरा. मावशींनी घाईने चष्मा लावला; तो गेला. काढला, तो आला. त्यांनी इतक्या वेळा काढघाल केली, की मागे उभ्या असलेल्या मॅनेजरला वाटलं, बाई सारखे डोळे पुसतायत.

तिसऱ्या वेळेला त्या पूर्ण तयारीने गेल्या. चष्मा पर्समध्ये, कानांत कापूस. मागच्या रांगेत बसून त्यांनी अख्खा सिनेमा तसा पाहिला. भारदस्त आवाज कापसातून गुणगुणण्यासारखा येत होता. मनोरा पडला तो रंगीत काहीतरी सांडल्यासारखा, शोभिवंतच दिसला. आणि शेवटी त्या गोळ्याने दिवा मालवून दुकान बंद केलं, तेव्हा कित्येक वर्षांनी मावशींचे हात मांडीवर थांबले आणि डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. बाहेरच्या उजेडात त्या चष्म्याशिवाय चाचपडत पायऱ्या उतरत होत्या, तेवढ्यात काहीतरी लखकन चमकलं. त्यांना वाटलं, ऊन असेल.

ते ऊन नव्हतं, ते दोन दिवसांनी थिएटरच्या दर्शनी भिंतीवर कळलं. पुरुषभर उंचीचा मावशींचा रडवेला चेहरा, आणि त्याखाली: या मावशींनी तीनदा पाहिला. तुम्ही?

इमारतीत हलकल्लोळ झाला. शिकवणीवाल्या बाईंना त्यात काहीतरी लाच असल्याचा संशय होता. पॉपकॉर्नची बातमी फुटलेली होतीच. छोट्या मुलीच्या आईने जिन्यात मावशींशी बोलणं टाकलं. ऑडिटरसाहेबांचा तर आयुष्यभराचा पाया हलला. मावशींना वाईट गोष्ट आवडू शकते, तर मग माझी भिंत चांगली होती की काय, असं त्यांनी काकांना विचारलं, आणि काका, ज्यांचे कसलेच नेम नव्हते, म्हणाले, उत्तम होती.

हे घरचं झालं. दवाखान्यात त्याहून वाईट. पेशंट अंधाऱ्या खोलीत बसून अक्षरांऐवजी मावशींकडे बघायचे. एक गृहस्थ म्हणाले, तुमच्यावर भरवसा ठेवून सासऱ्यांना घेऊन गेलो, आता ते माझ्याशी मोजकंच बोलतात. एका बाईंनी वरच्या मोठ्या अक्षराला अक्षर म्हणायलाच नकार दिला. तुम्ही सांगाल ते म्हणते, म्हणाल्या, तुमचं आमचं वेगळं दिसतं. उभ्या जन्मात मावशींना कुणी असं टाकून बोललं नव्हतं. वर तो कागदी पेला. टाकून देणं जिवावर आलं म्हणून त्यांनी तो पेन्सिली ठेवायला टेबलावर ठेवला होता, आणि त्यावरच्या नाकाला बघून मुलं आत यायला तयार होईनात. शेवटी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवावं लागलं.

मावशी थिएटरात गेल्या. मॅनेजरने त्यांना बसवलं, पंखा लावला आणि विचारलं, फोटोत काय चुकीचं आहे. मावशींनी विचार केला. तीनदा पाहिला, हे खरं होतं. रडल्या, हेही खरं. मावशी होत्या, हे तर सगळी इमारत सांगत होती. एकही शब्द खोटा नसताना सगळं मिळून खोटं कसं होतं, हे त्या प्रथमच बघत होत्या आणि एरवी त्यांनी त्यावर शांतपणे विचार केला असता.

"आवडला म्हणून नव्हते गेले मी," त्या म्हणाल्या.

"आम्ही आवडला असं कुठे लिहिलंय?" मॅनेजर म्हणाला.

तरी तो माणूस वाईट नव्हता. काढतो म्हणाला, पण मुख्य कार्यालयाला कळवावं लागेल, आणि फोटोतली व्यक्ती आपणच आहोत असा पुरावा जोडावा लागेल. मावशींनी ओळखपत्र दिलं. मॅनेजरने ते भिंतीशी धरून पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं. ओळखपत्रात चष्मा होता. मावशींना चष्मा होता. भिंतीवरच्या बाईला नव्हता. वरचे लोक आक्षेप घेतील, तो दिलगिरीने म्हणाला. मावशींनी चष्मा काढून दाखवला, तर म्हणाला, आता ओळखपत्राशी जुळत नाही. मग रडून दाखवता का, असं त्याने अगदी अदबीने विचारलं, तेव्हा मावशी उठल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद व्हायच्या सुमाराला शेवटचा पेशंट आत आला. मावशींनी न बघताच खुर्ची दाखवली, दिवा मालवला, तक्ता उजळला. मग त्यांना खांदे ओळखू आले.

"डोळे दुखतात," भाचा म्हणाला.

मावशींनी चौकट त्याच्या नाकावर चढवली. तो वाचू लागला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीवर थांबला.

"थिएटरवाल्यांनी पाठवलेला तुझा फोटो ऑफिसात लावलाय भिंतीवर," तो तक्त्याकडेच बघत म्हणाला. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, बघ, तुझी मावशी रडली. उद्या सकाळी मला होकार कळवायचा आहे."

अंधारात भिंगांची पेटी तेवढी किणकिणली.

"मी तो सिनेमा पूर्ण नाही बघू शकलो, मावशी. पहिल्याच दिवशी मधे उठून गेलो. मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय. एवढी माणसं छान म्हणतायत. मग म्हटलं, तू सांगशील." त्याने चौकट सावरली. "आणि मग तो फोटो आला. मला वाटलं, तू माझ्यासाठी खोटं बोललीस. तीन तीन वेळा."

आता मात्र काही म्हणायला हवं होतं, आणि पडद्याच्या आकारावर हे भागणार नव्हतं. मावशींना सकाळचे दोन्ही नेम आठवले. यातला एक मोडणार, हे त्यांनी मनाशी धरलं आणि कुठला ते ठरवलं.

"नाही आवडला," त्या म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलल्या, की स्वतःला पुन्हा सांगावं लागलं. "मला नाही आवडला रे. तुझं ते नाक समोर आलं, तेव्हा मी मागे सरकले."

भाच्याचे खांदे खाली आले. मावशींना वाटलं, मोडला नेम. पण तो निःश्वास होता. कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं, तसा तो खुर्चीत सैलावला आणि चौकटीखालून हसायला लागला.

"मीही सरकलो होतो," तो म्हणाला. "मी केलंय, तरी."

म्हणजे आपण एक नेम मोडायला म्हणून गेलो आणि मोडला नाहीच, हे मावशींच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. एवढी वर्षं त्या जपून जपून चालत होत्या, ती वाट बहुधा वाटली त्याहून रुंद होती. पण यावर त्या सावकाश, उद्या सकाळी विचार करणार होत्या.

"मग रडलीस कशाला?" भाच्याने विचारलं. "फोटोत पाणी खरं आहे. पाणी मला कळतं, शेजारच्या टेबलावर दोन वर्षं डोळ्याचं पाणी करत होते."

मावशी टेबलापाशी गेल्या, पेल्यातल्या पेन्सिली काढून ठेवल्या आणि पेला नेऊन तक्त्याखाली, उजेडात, तोंड पुढे करून ठेवला. टाकेराव एकेका केसासकट भाच्याकडे बघू लागला. भाच्याने मान फिरवली.

"समोर बघ," मावशी म्हणाल्या. त्यांनी पेटीतून एक जाड भिंग निवडलं, त्याच्या नंबराशी काडीचा संबंध नसलेलं, आणि चौकटीत सरकवलं. मग दुसऱ्या डोळ्यापुढे दुसरं. "दिसतं का?"

"काही दिसत नाही."

"पुन्हा एकदा बघू या."

मावशी खुर्चीमागे उभ्या होत्या. दवाखान्यात इतकी वर्षं त्यांनी पाहिलं होतं: स्वच्छ दिसणारा माणूस अक्षर वाचून मोकळा होतो, आणि पुसट दिसणारा पुढे वाकतो, डोळे बारीक करतो, आहे नाही ते सगळं लावून त्या डागात काहीतरी शोधतो. भाचा पुढे वाकला होता. जमिनीवर बसून, गुडघ्यांना मिठी मारून बघायचा तसा.

"टाकेराव," तो म्हणाला.

"हं."

"अगं, तोच आहे. तेव्हाचा." त्याचा आवाज जरा लहान झाला होता. "असा बघितलास तू सगळा?"

"तिसऱ्यांदा. कानांत कापूसही होता."

"आणि नाक?"

मावशी वाकून त्याच्या नजरेच्या रेषेत आल्या, आपला चष्मा वर केला आणि प्रामाणिकपणे पाहिलं. "ठिपका दिसतो," त्या म्हणाल्या. "छान आहे ठिपका."

"दोन वर्षं, मावशी," भाचा म्हणाला, आणि हसू आवरेना म्हणून त्याला ती चौकट दोन्ही हातांनी धरावी लागली. मग म्हणाला, उद्या नाही म्हणून कळवतो. काटे ज्याला करायचे त्याने करावेत.

बाहेर डॉक्टरांनी दार वाजवून विचारलं, पेशंटला एवढा वेळ का लागतोय. मावशींनी खरं ते सांगितलं, की अजून नीट दिसायचं आहे. भाच्याने मान वळवली नाही.

"आणखी एक भिंग घाल ना," तो म्हणाला. "अजून जरा पुसट कर."